जमेल तेवढं खरं

सदरासाठी आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"सर, सप्रेम नमस्कार. मी यावल तालुक्यातली. बी.कॉम. झालं, आता जळगावला अपडाऊन करून निर्यातीच्या कागदपत्रांचा कोर्स करते. घरची केळी आहे. गेल्या महिन्यात एका निर्यातदाराच्या ऑफिसात मुलाखतीला गेले होते. बायोडाटाच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'द अबव्ह इन्फर्मेशन इज ट्रू टु द बेस्ट ऑफ माय अबिलिटी.' साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं, शेजारच्या दोघांना दाखवलं आणि तिघंही हसले. काय चुकलं ते सांगितलं नाही. अर्जात 'आय विल डू माय वर्क विथ बेस्ट ऑफ माय अबिलिटीज' असं वाक्य होतं, त्याखालीही लाल रेघ मारलेली दिसली. सध्या मी मामाच्या केळीच्या धंद्याचे ईमेल लिहिते. दुबईच्या व्यापाऱ्यानं विचारलं, गुरुवारी दोन कंटेनर भराल का? मी लिहिलं, 'वी विल सप्लाय टु द बेस्ट ऑफ अवर अबिलिटी.' हे वाक्य मी मोबाइलवर तपासून घेतलं, व्याकरणाची चूक निघाली नाही. तरी त्याचं उत्तर आलं, 'येस ऑर नो?' मामा म्हणतो, तुझं इंग्रजी त्याला कळत नाही. सर, हा शब्दप्रयोग लिहायचा कसा आणि कुठे? अबिलिटी म्हणायचं की अबिलिटीज? आणि मला 'तू'च म्हणा, माझी आई तुमच्या हाताखाली शिकलेली आहे."

आईचं नाव लिहिलं असतंस तर बरं झालं असतं, पण असो. तू म्हणायची परवानगी दिलीस हे चांगलं केलंस. भुसावळला तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे 'तुम्ही' म्हणायला लागलो की समोर पालक बसलेत असं वाटतं आणि उगाच जपून बोललं जातं.

पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण तुला डाचतंय ते त्या तिघांचं हसणं. तेव्हा आधी तेच घेऊ. तुझ्या वाक्याचं मराठी कर बघू. 'वरील माहिती माझ्या कुवतीप्रमाणे खरी आहे.' आणखी सरळ करू? 'जमेल तेवढं खरं लिहिलंय.' म्हणजे नाव खरं, गाव खरं, जन्मतारीखही खरी, आणि पुढे टक्केवारीपर्यंत येता येता दम लागला. आता तुलाही हसू आलं असेल. त्यांना आलं ते याच कारणानं. एवढं सांगायला त्यांना अर्धं मिनिट पुरलं असतं. समोर बसलेल्या पोरीला ते न सांगता नुसतं हसणं, हा मात्र त्यांच्या शिकवणीतला दोष. त्याला माझ्याकडे औषध नाही.

तुला म्हणायचं होतं 'टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज'. माझ्या माहितीप्रमाणे. इंग्रजीत हा एक साचाच आहे. 'टु द बेस्ट ऑफ माय' एवढं ठरलेलं, पुढचा शब्द बदलतो. कधी नॉलेज, कधी बिलीफ, कधी अबिलिटी, जुनी गोष्ट आठवून सांगायची असली तर रिकलेक्शन. पुढचा शब्द चुकला की वाक्य व्याकरणात बसतं पण अर्थ भलतीकडे जातो, आणि म्हणूनच मोबाइलनं तुला सावध केलं नाही. त्याच्या दृष्टीनं रुळावर सगळं ठीक होतं. गाडी मनमाडऐवजी खांडव्याकडे निघाली हे त्याला कसं कळावं?

हा साचा लक्षात ठेवायला इंग्रजी पुस्तक नको. आपलं शाळेतलं मराठी व्याकरण आठव. अव्ययीभाव समासाला मास्तर हमखास कोणतं उदाहरण द्यायचे? यथाशक्ती. विग्रह, शक्तीप्रमाणे. आणि त्याचाच भाऊ यथामती, म्हणजे बुद्धीप्रमाणे, समजेल त्याप्रमाणे. इंग्रजांना जे 'टु द बेस्ट ऑफ माय' अशा पाच शब्दांत म्हणावं लागतं ते संस्कृतातून आलेला आपला दोन अक्षरी 'यथा' करून टाकतो. अबिलिटीवालं वाक्य म्हणजे यथाशक्ती. नॉलेजवालं वाक्य म्हणजे साधारण यथामती. शक्ती लागते करायला, मती लागते जाणायला. तेव्हा लिहिताना क्रियापदाकडे बघायचं. काम करणं, सांभाळणं, शिकवणं, पेशंटची काळजी घेणं, पेपर सोडवणं, या सगळ्याला जोर लागतो, तिथे अबिलिटी. माहिती खरी असणं, हिशेब बरोबर असणं, अमुक माणूस त्या गावचा असणं, याला तुझा जोर लागत नाही. ते असतं किंवा नसतं, आणि तुला ठाऊक असतं किंवा नसतं. तिथे नॉलेज.

'नॉलेज अँड बिलीफ' अशी जोडीही तू पाहिली असशील. ती कोर्टकचेरीच्या भाषेतली आहे आणि तिच्यामागे एक शहाणपण आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत असा नियम आहे की दावा मांडणाऱ्यानं शेवटी सत्यापन करायचं, आणि त्यात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून लिहिले आणि कोणते दुसऱ्याकडून कळलेल्या व खऱ्या वाटणाऱ्या माहितीवरून लिहिले, ते वेगवेगळं सांगायचं. बांध कोरताना मी पाहिला हे नॉलेज. तो रात्री कोरला असं चुलत्यानं सांगितलं आणि मला ते खरं वाटतं, हे बिलीफ. शेताच्या भांडणात हा फरक लाखमोलाचा असतो.

आता तुझ्या बायोडाटाकडे ये. त्यात तुझं नाव, तुझा पत्ता, तुझे मार्क. यातलं काय तू चुलत्याकडून ऐकलंस? आपली पदवी आपल्याला 'खरी वाटते' असं जाहीर करायची काही गरज आहे का? माझं स्पष्ट मत सांगतो. फॉर्ममध्ये छापलेलं असेल किंवा कंपनीनं मागितलं असेल तरच ते प्रतिज्ञेचं वाक्य ठेवायचं. नाहीतर काढून टाक. सायबर कॅफेवाल्यानं कुणासाठी तरी कधीतरी टाईप केलं, आणि तेव्हापासून ते गावोगाव एका बायोडाटातून दुसऱ्यात उतरत चाललंय. ठेवायचंच असलं तर 'द अबव्ह इन्फर्मेशन इज ट्रू टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज' एवढं पुरे.

उतरवून घेण्यावरून आठवलं. निवृत्तीनंतर मला एक प्रतिज्ञापत्र करायचं होतं. कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे मजकूर तयारच, फक्त नाव बदलायचं. प्रिंट हातात आली आणि इंग्रजीचा मास्तर असल्यानं मी ती वाचली. तिथे 'टु द बेस्ट ऑफ हर नॉलेज अँड बिलीफ' असं होतं. माझ्या आधी कुणी बाई येऊन गेल्या असणार. म्हणजे सही माझी आणि माहिती त्या बाईंच्या भरवशावर. मी त्याला दाखवलं, तर तो म्हणाला, 'सर, आत कोणी वाचत नाही.' बदलून घेतलं तरी आत कुणी वाचलं नाहीच. पण तू हा नियम ध्यानात ठेव. करणारा जो, त्याचंच सर्वनाम. आय असेल तर माय, वी असेल तर अवर, शी असेल तर हर. शिफारसपत्र लिहिताना मुख्याध्यापकसुद्धा इथे घसरतात. 'शी हॅज वर्क्ड टु द बेस्ट ऑफ माय अबिलिटी' असं एक पत्र मी पाहिलेलं आहे. काम केलं तिनं, आणि ताकद मोडली मुख्याध्यापकांची.

आता तुझं दुसरं वाक्य, लाल रेघेचं. 'विथ बेस्ट ऑफ माय अबिलिटीज.' इथे शब्द बरोबर निवडलास, कारण काम करायचं म्हटल्यावर अबिलिटीच हवी. चूक झाली ती बांधणीत, आणि ती का झाली हे मला तुझ्या डोक्यात बसल्यासारखं दिसतंय. तू मनात म्हणालीस, 'मी पूर्ण क्षमतेनं काम करीन.' त्या 'नं'चं इंग्रजी काय? चाकूनं कापलं, विथ अ नाइफ. पेननं लिहिलं, विथ अ पेन. मग क्षमतेनं म्हणजे विथ. आपली तृतीया विभक्ती इंग्रजीत गेली की सवयीनं 'विथ'च्याच दारात उभी राहते. पण इंग्रजांनी इथे क्षमतेकडे हत्यार म्हणून पाहिलेलं नाही. त्यांनी तिच्याकडे पल्ला म्हणून पाहिलं. कुठपर्यंत करीन? माझ्या ताकदीची हद्द जिथे संपते तिथपर्यंत. पल्ल्याला 'टु' लागतो, जसा आपल्याला 'पर्यंत' लागतो. 'विथ' काढ, 'टु' घाल, आणि हा 'टु' पुन्हा कधी विसरणार नाहीस, कारण आता तुला तो का आहे हे ठाऊक झालं.

'द' गळला त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. मराठीत ही वस्तूच नाही, त्यामुळे आपल्या हातून ती सांडते. इथे 'बेस्ट' विशेषण नाही, नाम आहे. ताकदीतला उत्तम तो भाग. आणि उत्तम एकच असतो, म्हणून 'द'.

अबिलिटी की अबिलिटीज? एकवचन लिही. अनेकवचन सरसकट चूक नाही, चांगले लिहिणारेही वापरतात, विशेषतः निरनिराळी कौशल्यं मनात असली तर. पण एकवचन जुनं, रुळलेलं आणि बिनधोक आहे. पुरावा हवा असेल तर आपल्याच जिल्ह्यातला देतो.

प्रतिभाताई पाटील तुझ्या-माझ्या जळगाव जिल्ह्यातल्या. १९६२ साली जळगावातून आमदार, पुढे एदलाबादच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या आमदार, राज्यात मंत्री, २००४ साली राजस्थानच्या राज्यपाल आणि २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. राष्ट्रपतीची शपथ घटनेच्या ६० व्या कलमात आहे. तिच्या इंग्रजी मजकुरात 'टु द बेस्ट ऑफ माय अबिलिटी' हेच शब्द येतात, एकवचनात, आणि पुढे संविधान व कायदा यांचं जतन, संरक्षण करण्याचं वचन. हिंदी मजकुरात त्याला 'अपनी पूरी योग्यता से' म्हटलंय. तिथेही बघ, 'से' आला. तुझं 'विथ' अगदीच एकटं नाही. राज्यपालाची शपथ १५९ व्या कलमात आहे, तिच्यातही हेच शब्द. न्यायाधीशांच्या शपथेत तर अबिलिटीच्या पाठोपाठ नॉलेज आणि जजमेंट असे तीन शब्द एका माळेत आहेत, शक्ती आणि मती दोन्ही. गंमत म्हणजे मंत्र्यांच्या शपथेत हा तुकडा नाही. ते निष्ठेनं आणि शुद्ध बुद्धीनं कामं करीन म्हणतात, पण कुवतीचा उल्लेख नाही. यावरून कुणी काय अर्थ काढायचा तो काढावा, मी व्याकरणाच्या बाहेर जात नाही. अमेरिकेच्या १७८७ च्या घटनेतही राष्ट्राध्यक्षाची शपथ याच शब्दांत आहे. म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ ही शब्दरचना जशीच्या तशी चालत आलीय. तीत हात घालायचा नाही. म्हणीचा शब्द आपण बदलतो का?

आणि इथेच तुझ्या दुबईवाल्या मेलची किल्ली आहे. शपथ घेताना माणूस 'यथाशक्ती' का म्हणतो? कारण काम एवढं मोठं आहे की शेवट आपल्या हातात नाही, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यालाही. 'देश वाचवीनच' असं लेखी कुणी देऊ शकत नाही. 'माझ्याकडून काही राखून ठेवणार नाही' एवढंच देता येतं. म्हणजे या शब्दप्रयोगाला दोन तोंडं आहेत. एक तोंड म्हणतं, हातचं राखणार नाही. दुसरं म्हणतं, पण माझी कुवत आहे तेवढीच आहे हं. मराठीत आपण ही दोन तोंडं वेगळी ठेवतो. जीव तोडून करायचं असलं तर 'जिवाचं रान करीन' म्हणतो आणि हात आखडता घ्यायचा असला तर 'जमेल तसं करू'. देवळाच्या पावतीवर 'यथाशक्ती' छापलेलं असतं, तिथे दुसरंच तोंड वर असतं. कोणी अकरा रुपये टाकले तरी चालतात. इंग्रजीत एकाच वाक्यात दोन्ही, त्यामुळे कुठलं तोंड ऐकणाऱ्याकडे वळलंय ते प्रसंगावर ठरतं.

घरातलं उदाहरण घे. नवीन सून पहिल्यांदा खापरावर मांडे करायला बसली. कणीक हातावर फिरवता फिरवता एक फाटला, दुसरा खापरावर जाता जाता दुमडला. ताटात वाढताना ती म्हणते, 'मला आलं तसं केलं.' इंग्रजीत हेच 'आय मेड देम टु द बेस्ट ऑफ माय अबिलिटी'. भूतकाळात हे वाक्य असं येतं. त्यात थोडी माफी मिसळलेली असते. वीस वर्षं मांडे करणारी सासू हे वाक्य कधी म्हणणार नाही. ती म्हणेल, गरम आहेत तोवर खा. तेव्हा एखादं काम चोख झालं असेल आणि तू साहेबाला लिहिलंस की 'आय हॅव डन इट टु द बेस्ट ऑफ माय अबिलिटी', तर तो आधी कागद उलटसुलट करून चूक कुठे आहे ते शोधेल. काम झालं, तर झालं म्हणावं.

आता मेल. तुझं वाक्य व्याकरणानं अगदी बरोबर होतं, त्यात मी एक टिंबही बदलणार नाही. तरी ते तिथे नको होतं. व्यापाऱ्यानं विचारलं, गुरुवारी दोन कंटेनर भराल का. तू म्हणालीस, यथाशक्ती. त्याला काय ऐकू आलं सांगू? आपल्याकडे बाजारात कुणी उधारी मागायला आला की समोरचा कसा म्हणतो, 'पाहू भो.' तेच ऐकू आलं.

त्याच्या बाजूनं विचार कर. तू केळीच्या घरातली, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. चाळीस फुटी रेफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये साधारण वीस टन माल बसतो, दोन म्हणजे चाळीस. कापणीची माणसं ठरवायची, घड खाली न आपटता पॅकहाउसला आणायचे, फण्या वेगळ्या करायच्या, धुवायच्या, खोके भरायचे, आणि तेरा-चौदा अंशांवर थंड करून गाडी न्हावा शेव्याला लावायची. जहाज कुणासाठी थांबत नाही. बंदराचं दार ठरल्या वेळी बंद होतं. गेलं तर पुढच्या जहाजापर्यंत हिरवा माल पिकायला लागलेला. तिकडे त्या माणसानं दुकानदारांना शब्द दिलेला असणार. अशा वेळी त्याला तुमची निष्ठा नको असते, आकडा हवा असतो. एक की दोन. गुरुवार की शुक्रवार.

आणि मामाला एवढं सांग, त्यांचा राग न येऊ देता. व्यापाऱ्याला तुझं इंग्रजी कळलं नाही असं नव्हे. पुरतं कळलं, म्हणूनच त्यानं पुन्हा विचारलं. तुझ्या वाक्यातली पळवाट त्याला दिसली. तू ती मुद्दाम ठेवली नव्हतीस, तुला फक्त नम्रपणे लिहायचं होतं. पण इंग्रजी व्यवहारात ही नम्रता नेमकी पळवाटीसारखी दिसते. मला वाटतं दुसऱ्या कंटेनरचा माल मिळेल की नाही याची मामालाही खात्री नसणार, आणि ती धाकधूक त्यांच्याकडून तुझ्या वाक्यात उतरली असणार. मग तेच लिहायचं ना! 'येस, वी विल लोड वन कंटेनर ऑन थर्सडे. वी विल कन्फर्म द सेकंड बाय वेनस्डे इव्हनिंग.' एक नक्की, दुसऱ्याचं बुधवारी संध्याकाळी सांगतो. यात एकही भारी शब्द नाही, आणि तरी हे धंद्याचं इंग्रजी आहे. बुधवारी संध्याकाळी मात्र मेल गेलाच पाहिजे, दुसरा कंटेनर होत नसला तरी. 'सॉरी, वी कॅनॉट लोड द सेकंड कंटेनर धिस वीक.' नाही म्हटल्यानं गिऱ्हाईक तुटत नाही. गुरुवारी दुपारपर्यंत 'पाहू' म्हणत ठेवलं की तुटतं.

त्या शेवटच्या वाक्यात मी 'कॅनॉट' लिहिलं ते बघून ठेव, एकच शब्द, मध्ये जागा सोडायची नाही. आणि ओघात आलंच आहे तर 'वी कॅन एबल टु' हे तुझ्या मेलमध्ये कुठे असेल तर आजच शोधून काढ. पत्रात तू तसं लिहिलेलं नाहीस, पण आपल्या भागातल्या दहा अर्जांपैकी काहींत ते मला सापडतंच. कॅन म्हणजेच शकतो, एबल म्हणजेही शकतो. 'आम्ही करू शकू शकतो' असं कोणी बोलतं का? आज शकतो तिथे 'वी कॅन'. उद्या शकू तिथे 'वी विल बी एबल टु', कारण विल आणि कॅन एका म्यानात राहत नाहीत. काल एखादी गोष्ट प्रयत्नानं साधली असेल तर 'वी वेअर एबल टु'. काल रात्री पाऊस असूनही कंटेनर भरता आला, हे सांगताना बरेच जण 'वी कुड लोड' लिहितात. इंग्रजी कानाला ते 'भरू शकलो असतो'सारखं लागतं, आणि समोरचा विचारतो, मग भरला का नाही? नाही भरता आला तर मात्र 'वी कुड नॉट लोड' बिनदिक्कत चालतं. हे असं का, ते लिहायला बसलो तर या आठवड्याची जागा संपेल.

'ट्राय टु माय लेव्हल बेस्ट' असंही लोक लिहितात. ते दोन शब्दप्रयोगांचं कलम आहे, फळ धरत नाही. 'आय विल डू माय बेस्ट' म्हण, संपलं. खरं सांगायचं तर रोजच्या लिहिण्यात तुझ्या त्या लांबलचक शब्दप्रयोगाच्या जागी हे पाच शब्द बहुतेक वेळा पुरतात. तो लांबलचक प्रयोग शपथेला, नियमावलीला, परीक्षेच्या सूचनेला, नाहीतर आजारी माणसाची जबाबदारी घेताना शोभतो.

मग अर्जातल्या त्या वाक्याचं काय करायचं? सुधारून 'आय विल डू माय वर्क टु द बेस्ट ऑफ माय अबिलिटी' असं लिहिता येईल, आणि त्याखाली कुणी रेघ मारणार नाही. पण वाचणारही नाही. प्रत्येक अर्जात ते असतं. त्याऐवजी तुझ्याकडे जे आहे ते लिही की. तू पॅकिंग लिस्ट बनवतेस का? इन्व्हॉइस? वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राला काय काय कागद लागतात ते कोर्समध्ये शिकलीस ना? परदेशी व्यापाऱ्याशी ईमेलवर बोलतेस, हे तर तू स्वतःच मला कळवलंस, आणि अर्जात त्याचा उल्लेख केलास की नाही कोण जाणे. कांदेबाग आणि मृगबाग या केळीच्या दोन लागवडींच्या कापणीचा हंगाम कधी येतो हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. निर्यातीच्या ऑफिसात एसीत बसणाऱ्या किती जणांना येतं ते? ही सगळी तुझी अबिलिटी आहे. तिचं नाव न घेता ती कागदावर मांड. 'आय प्रिपेअर पॅकिंग लिस्ट्स अँड राइट टु ओव्हरसीज बायर्स फॉर माय फॅमिलीज बनाना बिझनेस.' या एका वाक्यावर साहेब तुला निदान दोन प्रश्न विचारील, आणि दोन्हीची उत्तरं तुला येत असतील.

नवा बायोडाटा तयार झाला की हवं तर माझ्याकडे पाठव, मी बघून देतो. रेघा मारतो, पण पेन्सिलीनं, आणि समासात कारण लिहितो. आईला नमस्कार सांग आणि तिची बॅच कोणती ते कळव.